मजुरीचा रकाना

"शहरातल्या मुलांना शेतीतून व्यवसाय शिकवते," असं मी सांगितलं की समोरच्याच्या डोळ्यांपुढे एक फोटो उभा राहतो. मातीने माखलेले हात, कोवळा हिरवा पाला, हसरे चेहरे आणि मागे उंच इमारती. असे फोटो आमच्याकडे ढिगाने आहेत. देणगीदारांना तेच आवडतात. पण या कामात मुलं काय शिकतात असं कुणी विचारलं, तर मी हिशेबाची वही काढते. लाल कापडी पुठ्ठ्याची, वाण्याच्या गल्ल्याशेजारी असते तशी. तिच्यात एक रकाना मजुरीचा आहे. माझं बहुतेक शिकवणं त्या रकान्यापाशी अडतं आणि तिथूनच पुढे सरकतं.

मी मूळची कॉमर्सची. बरीच वर्षं ज्युनिअर कॉलेजात पुस्तपालन आणि लेखाकर्म शिकवलं. त्या विषयाच्या उदाहरणांत एक व्यापारी कायम भेटतो. तो भांडवल आणतो, उधारीवर माल विकतो, फर्निचरवर दहा टक्के घसारा लावतो. मुलं त्याचा ताळेबंद पैशापर्यंत जुळवायची आणि पैकीच्या पैकी मार्क घ्यायची. स्वतःच्या घरात महिन्याला किती पैसे येतात आणि कशावर जातात, हे विचारलं की तीच मुलं गप्प व्हायची. पुढे चेंबूर-गोवंडी भागात काम करणाऱ्या एका संस्थेत आले. तिथे तरुणांसाठी शिवणकाम, मोबाईल दुरुस्ती असे वर्ग आधीपासून चालू होते. एका ट्रस्टच्या जुन्या इमारतीची रिकामी गच्ची संस्थेला वापरायला मिळाली आणि तिचं काय करायचं हे ठरवायचं काम माझ्याकडे आलं.

गच्ची साधारण गुंठाभर. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, हे मुलांना मोबाईलवर शोधावं लागलं. "गावाला आमची दोन एकर आहे" म्हणणाऱ्या मुलाने मग स्वतःच गणित करून सांगितलं की आपल्या गच्च्या ऐंशी जोडल्या तर गावचं रान होईल. श्री. अ. दाभोळकरांनी पाच माणसांच्या कुटुंबाला दहा गुंठे पुरावेत अशी मांडणी केली होती. दाभोळकर गणिताचे प्राध्यापक. 'प्रयोग परिवार' उभा करून त्यांनी शेतकऱ्यांना पान, मूळ, ऊन, पाणी मोजायला लावलं. आमच्या गच्चीवर त्यांचे दहा गुंठे बसणार नव्हते, पण मोजायची सवय बसण्यासारखी होती.

पहिलं मोजमाप वजनाचं झालं. साध्या इमारतीची वावरायची गच्ची चौरस मीटरला सुमारे दीडशे किलो भार धरून आखलेली असते. सहा इंच ओल्या मातीचा थर त्याच चौरस मीटरवर अडीचशे किलोच्या घरात जातो. म्हणजे माती बाद. मुंबईत यावर उत्तर आधीच शोधलेलं आहे. अर्थशास्त्राचे अभ्यासक असलेल्या डॉ. रमेश दोशींनी वांद्र्याच्या आपल्या गच्चीवर उसाची चिपाडं वापरून भाजी-फळं पिकवली होती. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्याच ओल्या कचऱ्यावर बाग फुलवली. आम्हीही रसवंतीवाल्याकडून चिपाडं उचलली. तो ती टाकायला पैसे मोजत होता, त्यामुळे आम्हाला पाहून खूश झाला. भाजीबाजारातून फुटके-तुटके क्रेट आणले, सुका पाला आणि कोकोपीट मिसळलं.

काय पेरायचं यावर बरीच चर्चा झाली. मुलांना स्ट्रॉबेरी हवी होती, एकाला ड्रॅगनफ्रूट. मला असं पीक हवं होतं की ज्यात पेरणीपासून विक्रीपर्यंतचं चक्र पंधरवड्यात पुरं होईल. वांगी-टोमॅटो हाती लागेपर्यंत दोन-तीन महिने जातात, आणि तेवढ्यात अर्धी बॅच गळते. कुणाला गोदामात काम मिळतं, कुणाचं लग्न ठरतं. शेवटी समुद्रमेथीवर एकमत झालं. मुंबईकरांना ती सांगायला नको. किनाऱ्यालगतच्या वाळूत दाट पेरलेली, दहा-बारा दिवसांत मुळासकट उपटलेली, दोन-चार पानांची इवली मेथी. मॉलमध्ये मायक्रोग्रीन्स नावाने डबीत मिळणाऱ्या पाल्याच्या कितीतरी आधीपासून ही जुडी मुंबईच्या पाटीवर आहे. एक पथ्य तेवढं कडक पाळायचं. बियाण्याच्या दुकानातली मेथी बहुधा बुरशीनाशक चोळलेली असते. इतक्या कोवळ्या वयात खायच्या भाजीला ती चालत नाही. मेथीदाणे किराणा दुकानातून आणायचे, रात्रभर भिजवायचे आणि क्रेटला साधारण सव्वाशे ग्रॅम या हिशेबाने पसरायचे. वरून जाळी. नाहीतर कबुतरं दुपारपर्यंत एक दाणा ठेवत नाहीत.

मुलं कोण होती? सतरा ते बावीस वयाची. एक जण मोटारसायकलवरून पार्सलं पोचवायचा. एक मुलगी ब्युटी पार्लरमध्ये मदतनीस होती. कुणी बारावी सोडलेली, कुणी बी.कॉम.ला नाव घालून नोकरीच्या शोधात. बहुतेकांचे आईवडील जालना, सातारा, धाराशिवकडून नाहीतर उत्तर प्रदेशातून आलेले. घरून विरोध झाला तो यामुळेच. एक वडील माझ्याशी भांडायला गच्चीवर आले. "मॅडम, आम्ही शेतीला कंटाळून मुंबईला आलो. आता तुम्ही पोराला चौथ्या मजल्यावर चढवून परत शेतीच करायला लावता?" त्यांचं म्हणणं बिनतोड होतं. मी त्यांना सांगितलं की तुमचा मुलगा इथे शेती शिकत नाही, हिशेब शिकतोय. त्यांचा विश्वास बसला नाही, पण मुलाला त्यांनी काढूनही घेतलं नाही.

विकायचं शिक्षण माझ्या हातून होणं शक्य नव्हतं. मला जमाखर्च येतो, धंदा येत नाही. ते काम बॅचमधल्या एका मुलीच्या आईने केलं. मावशी चेंबूर स्टेशनजवळ पालेभाजी विकतात. पहाटे माल उचलायचा, दहापर्यंत निवडून लावायचा, रात्री नऊला पाटी रिकामी करून घरी जायचं. त्यांनी पहिल्याच भेटीत मुलांना जुडी बांधून दाखवली. देठ एका रेषेत आणायचे, बाहेरून चांगली पानं ठेवायची पण आत सडकं लपवायचं नाही, सुतळी दोनदा फिरवून आत खुपसायची. गाठ मारायची नाही, वेळ जातो. मग म्हणाल्या, "भवानीच्या गिऱ्हाइकाला नाही म्हणू नका. आणि संध्याकाळी सातनंतर भाव धरून बसू नका. पाला वाट बघत नाही." उधारी कुणाला द्यायची, हेही त्यांनी सांगितलं: जी बाई मागची उधारी तुम्ही न मागता देते, तिला. पाठ्यपुस्तकात येणी आणि बुडीत कर्ज यावर अख्खं प्रकरण आहे. मावशींचं एक वाक्य मला त्याहून उपयोगी वाटलं.

शिकवणी झाल्यावर मुलं जवळच्या सोसायट्यांच्या गेटवर उभी राहू लागली. सेक्रेटरीची परवानगी, वॉचमनला चहा, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आदल्या रात्री मेसेज. गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न नेहमी एकच असायचा: "ही रुळाकडची नाही ना?" मुंबईत रेल्वेने 'अधिक धान्य पिकवा' योजनेखाली रुळांलगतच्या मोकळ्या जागा कर्मचाऱ्यांना भाजी लावायला दिल्या. तिथे नाल्याचं पाणी वापरलं जातं अशा तक्रारी वर्षानुवर्षं होत आल्या आणि लोकांच्या मनात ती भीती पक्की बसली. मुलांनी यावर जाहिरात केली नाही, लोकांना गच्चीवर बोलावलं. रविवारी सकाळी काकू-आजी चार मजले चढून आल्या, टाकी पाहिली, क्रेट पाहिले, दमून खुर्चीवर बसल्या आणि जाताना दोन-दोन जुड्या घेऊन गेल्या.

अडचण वेगळ्याच ठिकाणी होती. पार्लरमध्ये काम करणारी मुलगी कामाला वाघीण. क्रेट उचलायची, पाणी घालायची, कुणी आळस केला तर झापायची. गेटवर मात्र कुणी "कशी दिली?" विचारलं की तिचा आवाज खाली जायचा. "दहाला एक... बघा, तुम्हाला वाटेल तसं द्या काकू." काकू काय, वाटेल तसंच देणार. वीसला तीन, मग वीसला चार. एकदा एका आजोबांनी "संस्थेची आहे म्हणजे फुकटच असेल" असं म्हणून जुडी उचलली आणि तिने मान हलवली. मी नंतर कारण विचारलं तर म्हणाली, "ताई, मेथी तर आपण घरीच पिकवली. तिचे कसले पैसे?"

हे एकटीचं नव्हतं. वहीत सगळ्यांनी हिशेब सारखाच लिहिला होता: मेथीदाण्याचे पैसे गेले, विक्रीचे पैसे आले, मधला फरक तो नफा. मी मजुरीचा रकाना आखला तेव्हा त्यांना हसू आलं. आपणच आपल्याला पगार द्यायचा? मी म्हटलं, द्यायचा नाही, लिहायचा. ताशी किती लिहायचा ते तुम्ही ठरवा. त्यावर तासभर वाद झाला. पार्सलवाल्याला ताशी दर असतो हेच पटेना, कारण त्याला ऑर्डरमागे पैसे मिळतात. ट्रॅफिकमध्ये, लिफ्टबाहेर, गेटवर एन्ट्री करण्यात जाणारा वेळ त्याच्याच खात्यात. कुणाचे वडील नाक्यावर उभे राहतात, तिथे मुकादम सांगेल तो रोज. कुणाची आई घरी बसून माळा ओवते, त्याला डझनामागे दर. या मुलांच्या घरांत कामाचा भाव कायम दुसऱ्यानेच ठरवला होता. आपण तोंडाने आकडा उच्चारायचा, ही सवयच नव्हती. शेवटी तासाला साठ रुपयांवर एकमत झालं, तेही थोडं घाबरत.

मग वीस क्रेटचा एक फेरा पुन्हा मांडला. जुड्या निघाल्या १८०. विकल्या गेल्या १७०, दहाने, म्हणजे १,७०० रुपये. उरलेल्या दहा मावशींना आणि वॉचमनला. मेथीदाणे २४०, कागदी पिशव्या आणि सुतळी ६०, रिक्षा १५०. खर्च वजा जाता हातात १,२५०. इथपर्यंत सगळे खूश. मग तास मोजले: भरणं, पेरणं, पाणी, उपटणं, धुणं, बांधणं, विकणं, सगळे मिळून एकवीस. साठने गुणले तर १,२६० रुपये.

"दहा रुपये तोटा," पार्सलवाला म्हणाला. मग कुणीतरी विचारलं, "आणि गच्चीचं भाडं?" मी गप्प बसले. त्यांनीच पुढे चालवलं: भाडं नाही, पाण्याचं बिल नाही, क्रेटचा घसारा नाही, चिपाडं फुकट. घसारा हा शब्द एका बी.कॉम.वाल्याने आपणहून उच्चारला, तेव्हा पुस्तपालनाच्या जुन्या मास्तरणीला किती बरं वाटलं ते मी त्यांना सांगितलं नाही. एवढं सगळं फुकट मिळूनही आपण दहा रुपये तोट्यात आहोत, हे फळ्यावर लिहून तो वर्ग संपला.

दुसऱ्या दिवशी कोण येतं, कोण नाही, याची धाकधूक होती. सगळे आले, आणि तावातावाने आले. एकीचं म्हणणं, भाव वाढवू. त्यासाठी आम्ही वाशीच्या घाऊक बाजारात जाऊन आलो. पहाटेच्या आधी नाशिक-पुण्याकडचे ट्रक पालेभाज्या घेऊन उभे असतात आणि सौदा शेकड्यावर होतो, शंभर जुड्यांना अमुक. तिथला ढीग पाहून मुलांना कळलं की भावाच्या शर्यतीत या ट्रकांपुढे आपला निभाव लागणार नाही. २०१६ साली सरकारने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून बाहेर काढला, शेतकऱ्याला थेट विकायची मोकळीक मिळाली. पण मोकळीक मिळाली म्हणून गुंठाभर गच्ची ट्रकभर मालाशी स्पर्धा करू शकत नाही. आम्हाला असं काहीतरी विकायला हवं होतं जे ट्रकात येत नाही.

तोडगा मजुरीच्या रकान्यातूनच निघाला. पार्सलवाल्याने एकवीस तासांची फोड केली. क्रेटमागचा अर्ध्याहून जास्त वेळ उपटणं, मुळांतली घाण धुणं आणि जुड्या बांधणं यात जात होता. तो म्हणाला, "हे काम आपण करायचंच कशाला? आठव्या दिवशी अख्खा क्रेटच घरी नेऊन देऊ. लागेल तशी त्यांनी कात्रीने कापावी. संपली की क्रेट परत आणू, दुसरा देऊ." क्रेटचे दीडशे रुपये, शंभर रुपये अनामत. बांधणी गेली, धुणं गेलं, शिळा माल उरायचा प्रश्न गेला. गिऱ्हाइकाच्या ताटात कापल्यापासून पाच मिनिटांत मेथी. घरपोच कसं द्यायचं हे तर तो रोजच करत होता. पूर्वी तो ज्या गेटवर फक्त ओटीपी मागायला उभा राहायचा, तिथेच आता दीडशे रुपये असं स्पष्ट म्हणू लागला.

हे सगळं गोड झालं असं नाही. क्रेट जड, मोटारसायकलवर एका वेळी दोनच बसतात. पहिल्या महिन्यात हौसेने घेणाऱ्यांपैकी बरेच जण दुसऱ्या महिन्यात गळाले. मे महिन्यात लोक गावी गेले आणि बाल्कनीतली मेथी वाळून गेली. त्याबद्दल तक्रार आमच्याकडे. पावसाळ्यात दाट पेरलेल्या रोपांची बुडं कुजतात, वर प्लास्टिक घातलं तर आतल्या दमट हवेत आणखी कुजतात. जून ते सप्टेंबर आम्ही मेथी जवळपास बंद ठेवतो आणि ओल्या कचऱ्याचं खत करून विकतो. पाल्यापेक्षा क्रेटमध्ये, आणि क्रेटपेक्षा लोकांच्या बाल्कनीत कुंड्या लावून देण्याच्या कामात पैसा जास्त, हे वहीने एव्हाना स्पष्ट दाखवलं आहे. शहरात गच्चीवरच्या पालेभाजीवर पोट भरता येईल असं मी कुणालाही सांगत नाही. जे सांगतात त्यांच्याकडे मजुरीचा रकाना आहे का, ते विचारावं.

दर वर्षी अहवालात एक चौकट भरायची असते: किती उद्योजक घडले? ती चौकट फार भरत नाही. पार्सलवाला आणि त्याचा मित्र बाल्कनीच्या बागा लावून देतात, तेही पार्सलं सांभाळून. बाकीचे नोकऱ्यांना लागले. पण त्या चौकटीत न मावणारं एक उदाहरण मी इथे लिहिते. पार्लरमधली मुलगी गेटवर आकडा सांगायला लाजायची. तिने पार्लरमध्ये एक महिना आपल्या कामाची वही ठेवली. किती थ्रेडिंग, किती फेशियल, किती तास बसून, किती तास उभं राहून. मग मालकिणीसमोर ती वही उघडून पगार मागितला. मालकीण आधी चिडली, मग हिशेब बघत बसली. मागितला तेवढा मिळाला नाही, पण वाढला. आणि थ्रेडिंगमागे वेगळे पैसे सुरू झाले. तिने मला हे सांगितलं तेव्हा मेथीचा उल्लेखही केला नाही. "ताई, आकडा आधी आपण बोलायचा असतो," एवढंच म्हणाली.

मला वाटतं, शेतीच का, या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. मोबाईल दुरुस्तीतही हिशेब असतो, शिवणकामातही असतो. पण तिथे वस्तू गिऱ्हाइकाची असते आणि दर बाजाराने ठरवलेला असतो. मेथीच्या क्रेटमध्ये दाण्यापासून जुडीपर्यंत सगळं आपलं, आणि ते दोन दिवसांत सडणार. भाव सांगणं पुढे ढकलता येत नाही. लाजायला फुरसत नसते. बारा दिवसांनी पुन्हा तीच परीक्षा. गेल्या वेळी चाचरलेला आकडा या वेळी नीट म्हणता येतो.

आताच्या बॅचने मात्र मलाच पेचात पकडलं. वही समजावून झाल्यावर मागच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, "ताई, सगळ्यांचे तास लिहिले. तुमचे कुठे लिहायचे?" मी सांगितलं की माझा पगार देणगीतून येतो, तो धंद्याचा खर्च नाही. तो म्हणाला, "पण तुम्ही नसता तर हा धंदा झाला असता का?" वर्ग माझ्याकडे बघत होता. मी माझा महिन्याचा पगार सांगितला, त्यांनी तो तासात फोडला, गच्चीवरच्या तासांनी गुणला आणि रकान्यात लिहिला. तोटा दहा रुपयांवरून कित्येक हजारांवर गेला.

मी तो आकडा खोडला नाही. या वर्षीच्या अहवालात तोच पाठवला आहे आणि खाली लिहिलंय की ही गच्ची धंदा म्हणून तोट्यात आहे, शाळा म्हणून तिचा खर्च एवढा आहे. तो द्यायचा की नाही, हे देणगीदारांनी ठरवावं. उत्तर अजून आलेलं नाही.